हवेचा जॅक घरी आणताना

धुळे, जळगाव, नागपूर ओलांडत थेट ओडिशातल्या पारादीपपर्यंत जाणारा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पश्चिमेला जिथून निघतो, ते ठिकाण म्हणजे सुरतेजवळचं हजीरा. तापीच्या मुखाशी बंदर, पोलाद कारखाना, खताचा कारखाना, गॅसचे प्रकल्प असं सगळं दाटीवाटीनं उभं आहे. साहजिकच रस्त्यावर ट्रेलर फार आणि टायरवाल्यांना उसंत कमी.

हवेचा जॅक काय चीज आहे ते बघायचं तर टायरवाल्याकडेच बघावं. भरलेल्या गाडीच्या अ‍ॅक्सलखाली तो बुटका जॅक सरकवतो, कंप्रेसरची नळी जोडतो, खटका दाबतो. कर्कश फडफडाट सुरू होतो आणि एकात एक बसवलेल्या नळकांड्यांपैकी आधी जाड, मग तिच्यातली बारीक अशी वर येत जातात. पण गंमत अशी, की हा जॅक हवेवर चालत असला तरी वजन हवा पेलत नाही. हवा आतला छोटा पंप हलवते, पंप तेल रेटतो आणि ट्रेलर तोललेला असतो तेलावर.

घरच्या गॅरेजसाठी ज्याच्या जाहिराती दिसतात तो बहुधा दुसराच असतो: एकावर एक दोन-तीन रबरी फुगे, वर-खाली लोखंडी तबकड्या. इथे वजन खरोखर हवेवर असतं. हिशेब सोपा आहे. ८ बार दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ८ किलोचा रेटा. २५ सेंटिमीटर व्यासाच्या फुग्याचं क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस सेंटिमीटर, म्हणजे कागदावर जवळजवळ ४ टन. फुगा चढत जातो तशा त्याच्या कडा गोल होतात, तबकडीला टेकलेला भाग आकसतो आणि ताकद उतरते. डब्यावर छापलेला टनांचा आकडा तळाचा असतो, माथ्याचा नव्हे.

तसे टन आपल्याला लागतात तरी किती? स्विफ्टसारखी गाडी ९००-१००० किलोची. एक बाजू उचलायची तर फार तर ५०० किलो. आत्ताच हिशेबात घेतलेल्या फुग्याला त्यासाठी सुरुवातीला जेमतेम १ बार पुरतो. तेव्हा १० टनी जॅकची फुशारकी मोटारवाल्यानं सोडून द्यावी आणि टेप घेऊन खाली वाकावं. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर. फुग्यांचा जॅक मिटलेल्या अवस्थेतही बहुधा १४-१५ सेंटिमीटर उंच असतो. टायर बसला की गाडी खाली येते आणि नेमका तेव्हाच जॅक आत जात नाही! विकत घेण्याआधी बसक्या टायरची उंची मोजणारे मी फार थोडे पाहिले.

आता कंप्रेसर. फुग्यांच्या जॅकला हवा थोडी लागते, लहान टाकीचा कंप्रेसरही चालतो. तेल रेटणारा जॅक मात्र हवेचा खादाड. त्याला ७-८ बार दाब सतत हवा, टाकी छोटी असली की तो मध्येच दम टाकतो. तिसरा प्रकार गाडीच्या सायलेन्सरच्या धुरानं फुगणारी मोठी पिशवी. हजीऱ्याजवळच्या सुवाळीच्या किनाऱ्यावर चाक वाळूत रुतलं तर ती कामाची, कारण रुंद बूड वाळूत धसत नाही. बंद गॅरेजात मात्र ती वापरायची नाही, इंजिनाचा धूर जीव घेतो.

मग हवा बरी की तेल? उत्तरासाठी पुन्हा हजीऱ्यातच बघू. तिथे लार्सन अँड टुब्रोचा मोठा कारखाना आहे. तेलशुद्धीकरणासाठी लागणारी जाड भिंतींची दाबपात्रं तिथे घडतात. दाबपात्रांची चाचणी सहसा पाण्यानं घेतात, हवेनं नाही. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे पात्राला तडा गेला तरी दाब क्षणात उतरतो. दाबलेली हवा ताकद साठवून बसलेली असते, वाट मिळाली की एकदम सुटते. फुग्यावरची गाडी डुलते तीही हवेच्या याच स्वभावामुळे, आणि माझं मत तेलाच्या बाजूनं झुकतं तेही त्यामुळेच. घरी कंप्रेसर आधीच असेल, चारही चाकं वरचेवर काढायची हौस असेल, तर फुग्यांचा जॅक घ्या, वेळ वाचतो. वर्षातून एकदा स्टेपनी बदलणाऱ्याला साधा, तेलावर चालणारा ट्रॉली जॅक पुरे.

दुकानात एक परीक्षा जरूर घ्यावी. जॅकवर गाडी उचलायची, नळी काढून टाकायची आणि दहा मिनिटांनी उंची पुन्हा मोजायची. आतला एकतर्फी व्हॉल्व्ह चांगला असेल तर ती बदलत नाही. घरी काम करताना पुढच्या-मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, आणि गाडी वर गेली की चेसिसखाली घोडी (जॅक स्टँड). घोडी लागल्याशिवाय नट पुरते सोडवायचे नाहीत, खाली हातही घालायचा नाही. सायलेन्सर तापलेला असताना रबर त्याच्या जवळ नको.

समुद्राकाठी आणखी एक काम वाढतं. दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी कंप्रेसरच्या टाकीत साचतं, नळीतून जॅकच्या व्हॉल्व्हपर्यंत जातं आणि गंज धरतो. टाकीच्या बुडाची तोटी वापरानंतर उघडून पाणी काढावं; पावसाळ्यात तर रोजच.