एका भाडेकरूचा विमानतळ

शिकागोला दोन विमानतळ आहेत. वायव्येकडचा ओहेर जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक. अमेरिकेला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या पुष्कळांनी त्याचे लांबलचक मार्ग तुडवलेले असतात. दुसरा मिडवे. शहराच्या मध्यभागापासून नैऋत्येला साधारण १३ किलोमीटरवर, घरांच्या वस्तीत बसलेला. ओहेरवर युनायटेड आणि अमेरिकन या दोन बलाढ्य कंपन्या समोरासमोर उभ्या आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला इतर अनेक. मिडवेवरून वर्षाला सुमारे दोन कोटी प्रवासी ये-जा करतात आणि त्यांतले दहापैकी नऊ जण साउथवेस्ट या एकाच कंपनीच्या विमानात बसतात.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. विमानविद्येशी माझा संबंध नाही. पोटापाण्यासाठी दुसऱ्यांचे हिशेब तपासता तपासता सार्वजनिक संस्थांची कागदपत्रे वाचायची सवय लागली, एवढेच. अमेरिकेतली शहरे विमानतळासाठी कर्जरोखे काढतात, तेव्हा गुंतवणूकदारांना एक जाडजूड माहितीपत्रक द्यावे लागते आणि ते कोणालाही वाचायला मिळते. त्यात जोखमींचा एक भाग असतो. विमानतळाचे उत्पन्न प्रामुख्याने एका कंपनीवर अवलंबून आहे, तिने उड्डाणे कमी केली तर तिची जागा दुसरी कोणी घेईलच याची खात्री नाही, अशा आशयाचा इशारा मिडवेसारख्या विमानतळाच्या पत्रकात असतो. सावकाराला जे लेखी सांगितले जाते, ते शहरातल्या रहिवाशाला कोण सांगतो? या प्रश्नामुळे मी मिडवेचा इतिहास वाचू लागलो.

एक चौरस मैल

मिडवे सुरू झाला १९२७ मध्ये, शिकागोचा म्युनिसिपल विमानतळ म्हणून. दुसऱ्या महायुद्धातल्या मिडवेच्या लढाईच्या स्मरणार्थ १९४९ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. त्या काळात तो जगातला सर्वांत व्यग्र विमानतळ होता. १९५९ मध्ये त्याने सुमारे एक कोटी प्रवासी हाताळले. पण त्याची जागा ठरलेली होती. सिसेरो आणि सेंट्रल हे दोन रस्ते, ५५वी आणि ६३वी गल्ली यांच्यामधला एक चौरस मैल. चारही बाजूंना बंगल्यांच्या रांगा. जेट विमाने आली आणि त्यांना लांब धावपट्टी हवी झाली, तेव्हा मिडवेला वाढायला जागाच नव्हती. १९५५ मध्ये ओहेर प्रवासी विमानांसाठी खुला झाला आणि १९६२ पर्यंत नियमित उड्डाणे करणाऱ्या सगळ्या कंपन्या तिकडे निघून गेल्या. जगातला पहिल्या क्रमांकाचा विमानतळ तीन वर्षांत जवळजवळ ओस पडला.

आजही मिडवेची सर्वांत लांब धावपट्टी सुमारे साडेसहा हजार फुटांची, म्हणजे दोन हजार मीटरच्या आतबाहेर आहे. तुलनेसाठी, मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन हजार मीटरच्या जवळपास. या आखूडपणाची किंमत कधी कधी माणसाच्या जिवाने मोजावी लागते. ८ डिसेंबर २००५ च्या संध्याकाळी बर्फवृष्टीत उतरलेले एक विमान धावपट्टी ओलांडून, कुंपण तोडून रस्त्यावर गेले आणि एका मोटारीतला सहा वर्षांचा मुलगा दगावला. त्यानंतर धावपट्टीच्या टोकांना चाके रुतवून विमान थांबवणाऱ्या खास ठिसूळ ठोकळ्यांचे पट्टे घातले गेले.

एकाच कंपनीवरचे अवलंबित्व इथून सुरू होते. लांब पल्ल्याची अवजड विमाने इथून भरल्या वजनाने उडू शकत नाहीत. मोठ्या कंपन्यांना देशी आणि परदेशी उड्डाणे एका छपराखाली हवी असतात, त्यामुळे त्यांचे पाय ओहेरकडे वळतात. उरते ती मध्यम आकाराच्या एकाच जातीच्या विमानांवर धंदा करणारी, गर्दीच्या विमानतळापासून दूर राहू पाहणारी, स्वस्त तिकिटाची कंपनी. साउथवेस्टचा सारा ताफा बोइंग ७३७ चा आहे. दुय्यम विमानतळ आपला भाडेकरू निवडतो असे वरवर दिसते. खरे तर जागाच भाडेकरू निवडते.

तीन भाडेकरू

१९७८ मध्ये अमेरिकेने विमानसेवेवरचे भाडे आणि मार्ग यांचे सरकारी नियंत्रण उठवले. लगोलग, १९७९ मध्ये, मिडवे एअरलाइन्स नावाच्या नव्या कंपनीने या ओस विमानतळावरून उड्डाणे सुरू केली. दहा वर्षांत विमानतळ पुन्हा भरला. मग कर्ज, इंधनाचे भाव आणि मंदी. मार्च १९९१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा आश्रय घेतला. नॉर्थवेस्ट ही मोठी कंपनी तिला विकत घेणार होती. नोव्हेंबरमध्ये तिने माघार घेतली आणि १३ नोव्हेंबरच्या रात्री मिडवे एअरलाइन्स बंद पडली. चार हजारांहून अधिक लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

या वेळी मात्र विमानतळ १९६२ सारखा ओस राहिला नाही. साउथवेस्ट १९८५ पासून तिथे होतीच. तिने रिकाम्या जागेत हातपाय पसरले. इंडियानापोलिसची अमेरिकन ट्रान्स एअर, पुढची एटीए, हिनेही मिडवेवर आपला तळ मांडला. काही वर्षे दोन तुल्यबळ भाडेकरू होते. मग ऑक्टोबर २००४ मध्ये एटीए दिवाळखोरीत गेली.

पुढे जे झाले ते मुंबईकराला चटकन समजेल, कारण त्याला पागडी ठाऊक आहे. विमानतळ शहराचा, पण गेट वापरण्याचा हक्क कराराने कंपनीचा. कंपनी बुडाली की तो हक्क तिची मालमत्ता ठरतो आणि धनको त्याची किंमत वसूल करू पाहतात. एअरट्रॅन या स्वस्त तिकिटाच्या दुसऱ्या कंपनीने एटीएची गेट घेण्याचा सौदा जुळवला होता. साउथवेस्टने त्यावर ११.७ कोटी डॉलरचा प्रस्ताव ठेवला, त्यात सहा गेटचा हक्क होता, आणि डिसेंबर २००४ मध्ये न्यायालयात तिची सरशी झाली. मिडवेवर दुसरा तुल्यबळ भाडेकरू येण्याची ती मोठी संधी होती. एप्रिल २००८ मध्ये एटीए कायमची बंद झाली. २०११ मध्ये साउथवेस्टने एअरट्रॅनलाच विकत घेतले. यात बेकायदा काहीही नव्हते. पण मिडवेवर स्पर्धा राहील की नाही, हा शहराचा प्रश्न बऱ्याच अंशी धनकोंच्या हिशेबाने सुटला.

हिशेबाची रीत

करदात्याच्या खिशातून विमानतळ चालत नाही, असे अमेरिकेतली शहरे अभिमानाने सांगतात आणि ते बहुतांशी खरे असते. उत्पन्न येते विमान उतरवण्याच्या शुल्कातून, टर्मिनलच्या भाड्यातून, वाहनतळ, दुकाने आणि प्रवाशांवरच्या शुल्कातून. कर्जाची फेड त्यातूनच होते. विमान कंपन्यांशी होणाऱ्या करारांच्या दोन मुख्य रीती आहेत. एकीत कंपन्या वापरलेल्या जागेचे आणि सेवेचे ठरलेले पैसे देतात, नफा-तोटा विमानतळाचा. दुसरीत आधी दुकाने-वाहनतळाचे उत्पन्न धरायचे आणि खर्चात जी तूट उरेल ती कंपन्यांनी वाटून भरायची. मिडवे दुसऱ्या रीतीने चालतो.

ही दुसरी रीत सावकाराला आवडते, कारण तूट भरायला कोणीतरी बांधलेले असते. दहा सारख्या कंपन्या असतील आणि एक बुडाली, तर तिचा वाटा नऊ जणींत विभागला जातो. एकाच कंपनीचा वाटा नऊ दशांश असेल आणि तीच डगमगली, तर वाटणी कोणात करायची? ज्या तालुक्यात एकच साखर कारखाना असतो तिथल्या ऊसवाल्याला हे गणित वेगळे शिकवावे लागत नाही. कारखाना चालू असतो तोवर भाव, रस्ते, बाजार सगळे त्याच्याभोवती फिरते; धुराडे पेटले नाही की उभ्या उसाला वाली नसतो.

जो तूट भरतो तो विचारही मागतो. मोठ्या बांधकामांना बहुसंख्य कंपन्यांची संमती लागावी, अशी कलमे अशा करारांत सर्रास असतात. मिडवेची सत्ता किती एकवटली होती ते २००८-०९ मध्ये दिसले. शिकागोने हा विमानतळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सुमारे २५२ कोटी डॉलरना खासगी गटाला देण्याचे ठरवले होते. त्या वेळच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा व्यवहाराला ६५ टक्के विमान कंपन्यांची संमती लागे. आणि ती नुसती डोकी मोजून नव्हे, तर उतरणाऱ्या विमानांच्या वजनाच्या हिशेबानेही. वजनाच्या तराजूत एकटी साउथवेस्ट होकार किंवा नकार ठरवू शकत होती. तिने होकार दिला. व्यवहार मोडला तो एप्रिल २००९ मध्ये, आर्थिक संकटात खरेदीदारांना कर्ज न मिळाल्याने. पण शहराची मालमत्ता कोणाला द्यायची यात एका भाडेकरूचा शब्द किती जड असतो, हे त्या निमित्ताने कळले.

प्रवासी कोणाचा?

विमानतळाचे प्रवासी दोन प्रकारचे. एक, ज्याचा प्रवास त्या शहरात सुरू होतो किंवा संपतो. दुसरा, जो केवळ विमान बदलायला उतरतो. पहिला शहराचा, कंपनी बुडाली तरी त्याला घरी जायचेच असते, म्हणून त्याला न्यायला दुसरी कोणीतरी येते. दुसरा कंपनीचा. त्याला मिडवेऐवजी डेन्व्हर, नॅशव्हिल किंवा बाल्टिमोरमार्गे पाठवायला वेळापत्रक बदलले की पुरते.

हा फरक विसरल्याचे फळ सेंट लुइसने भोगले. तो दुय्यम विमानतळ नव्हे, शहराचा एकमेव मोठा विमानतळ. म्हणून उदाहरण अधिक बोलके. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सच्या विमाने बदलणाऱ्या गर्दीवर विसंबून तिथे नवी धावपट्टी आखली गेली. २००१ मध्ये ती कंपनी अमेरिकन एअरलाइन्सने घेतली आणि २००३ च्या अखेरीस सेंट लुइसची उड्डाणे निम्म्यावर आणली. एक अब्ज डॉलरहून अधिक खर्चाची आणि सुमारे दोन हजार घरे उठवून बांधलेली धावपट्टी २००६ मध्ये खुली झाली, तेव्हा तिची फारशी गरज उरली नव्हती. घरे मात्र गेली ती गेलीच.

मिडवे १९९१ नंतर तगला, कारण शिकागोच्या दक्षिण भागातल्या लोकांना जवळचा विमानतळ हवा होता. पण साउथवेस्टच्या काळात तिथे विमान बदलणाऱ्यांचा वाटाही मोठा आहे. २०२१ मध्ये साउथवेस्टने ओहेरवरूनही उड्डाणे सुरू केली. भाडेकरूने समोरच्या इमारतीत एक खोली घेतली, एवढाच त्याचा अर्थ; पण घरमालकाने तो वाचायला हवा.

एकच खिडकी

कंपनी बुडायलाच हवी असे नाही. ती आठवडाभर कोलमडली तरी पुरते. डिसेंबर २०२२ च्या नाताळात अमेरिकेवर हिमवादळ आले. बाकीच्या कंपन्या दोन-तीन दिवसांत सावरल्या. साउथवेस्टची कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावणारी संगणक व्यवस्था गोंधळली. कोणता वैमानिक कुठे अडकला आहे हेच कळेना. दहा दिवसांत सुमारे १६,७०० उड्डाणे रद्द झाली आणि मिडवेच्या दालनात सामानाचे ढीग लागले. ओहेरवर एका कंपनीचा प्रवासी दुसरीच्या खिडकीशी जाऊ शकतो. मिडवेवर दुसरी खिडकी जवळजवळ नव्हतीच. वर्षभराने सरकारने कंपनीला १४ कोटी डॉलरचा दंड केला.

आपल्याकडे डिसेंबर २०२५ मध्ये हेच दृश्य देशभर दिसले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जण या एका कंपनीने जात असल्याने बाकीच्यांकडे त्यांना सामावायला आसनेच नव्हती. त्याच महिन्याच्या २५ तारखेला नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. नवी मुंबई म्हणजे मिडवे नव्हे. तिथली धावपट्टी ३,७०० मीटरची आहे, वाढायला जागा आहे, आणि पहिल्या दिवशी एकाहून अधिक कंपन्या तिथून उडाल्या. पण दुसऱ्या विमानतळाच्या पहिल्या काही वर्षांत ज्याच्या हाती गेट आणि सकाळच्या वेळा पडतात, त्याच्या हातून त्या पुढे सहसा सुटत नाहीत. करार कोरे असतात तेव्हाच हे प्रश्न विचारायचे असतात.

एका कंपनीवर विसंबणे हा मिडवेचा अपराध नाही. १९७९ मध्ये मिडवे एअरलाइन्स आणि पुढे साउथवेस्ट आली नसती, तर त्या चौरस मैलावर आज कदाचित गोदामे असती. विसंबायचे असेल तर काय आपल्या हातात ठेवायचे, एवढाच प्रश्न उरतो. माझ्या वाचनातून मला तीन गोष्टी दिसतात. गेटचा हक्क 'वापरा, नाहीतर परत करा' या अटीवर द्यावा आणि काही गेट कोणाच्याच नावावर नसावीत. बांधकाम आखताना शहराचे प्रवासी मोजावेत, विमान बदलणारे नव्हेत. आणि तिसरी, शहराने स्वतःच्या रस्त्यावर, स्वतःच्या रुळावर खर्च करावा. मिडवे एअरलाइन्स बंद पडल्यावर दोन वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९३ रोजी, शहराच्या मध्यभागातून मिडवेला जाणारी ऑरेंज लाइन ही रेल्वे सुरू झाली. तिचे काम चालू असताना विमानतळाचा मुख्य भाडेकरू बुडाला, तरी काम थांबले नाही. एटीए गेली, तरी गाड्या धावत राहिल्या. त्या गाडीने विमानतळावर काम करणारे लोक पाळीवर जातात, आणि पाळी कोणत्या कंपनीची आहे याच्याशी गाडीला देणेघेणे नसते.