आयात सुती कापडाचे शुल्क कसे ठरते?

रायपूर : छत्तीसगडच्या राजधानीतील पंडरी कापड बाजारात देशाच्या विविध भागांतून कापड येते. परदेशी कापडाचा कंटेनर मागवणाऱ्या व्यापाऱ्यापुढे मात्र भावाच्या आधी एक प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे या मालाला सीमाशुल्काचा कोणता क्रमांक लागू होतो?

हा क्रमांक सीमाशुल्क दर अधिनियम, 1975 च्या पहिल्या अनुसूचीत शोधावा लागतो. जागतिक सीमाशुल्क संघटनेची सुसूत्र वर्गीकरण पद्धती 1 जानेवारी 1988 पासून अमलात आली. तिचे पहिले सहा अंक सर्व सदस्य देशांत समान असतात. भारतात 2003 पासून आठ अंकी क्रमांक वापरला जातो.

सुती कापडासाठी 52 वे प्रकरण आहे. येथे पहिला प्रश्न विणीचा असतो. मराठीत मागावरचे कापडही विणलेले आणि सुयांवरचे बनियनचे कापडही विणलेलेच म्हटले जाते. शुल्क अनुसूची मात्र हा भेद काटेकोरपणे पाळते. ताणा आणि बाणा असलेले सुती कापड 52 व्या प्रकरणात येते, तर फासे गुंफून तयार केलेले होजिअरीचे कापड 60 व्या प्रकरणात जाते. विणकामाच्या कापडाच्या नऊ शुल्कनोंदींवरील दर 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 20 टक्के किंवा किलोमागे 115 रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते, असा करण्यात आला. त्यामुळे हा भेद अधिकच महत्त्वाचा ठरला आहे.

दुसरा प्रश्न कापसाच्या प्रमाणाचा. वजनात 85 टक्के किंवा त्याहून अधिक कापूस असल्यास शीर्ष 5208 किंवा 5209 लागू होते. कापूस त्याहून कमी, पण सर्वाधिक असेल आणि मिश्रण मुख्यतः मानवनिर्मित तंतूंचे असेल, तर 5210 किंवा 5211. इतर मिश्रणे 5212 मध्ये मोडतात. 55 टक्के पॉलिएस्टर आणि 45 टक्के कापूस असलेले कापड मात्र या प्रकरणातूनच बाहेर पडते.

तिसरा निकष वजनाचा. प्रति चौरस मीटर 200 ग्रॅमपर्यंतचे कापड 5208 मध्ये, त्याहून जड कापड 5209 मध्ये येते. समजा, कापडाचा एक मीटर लांबीचा तुकडा 300 ग्रॅम भरला. पन्हा 150 सेंटीमीटर असेल तर वजन बरोबर 200 ग्रॅम येते आणि कापड 5208 मध्ये राहते. पन्हा 145 सेंटीमीटर निघाला, तर तेच वजन सुमारे 207 ग्रॅम होते आणि शीर्ष बदलते.

यानंतर कापड कोरे, धुवट, रंगवलेले, रंगीत सुतांचे की छापील, आणि वीण साधी की ट्विल, हे पाहिले जाते. सुती डेनिमला 5209 42 हे स्वतंत्र उपशीर्ष आहे. काही नोंदींवर केवळ मूल्याच्या टक्केवारीने शुल्क लागते. काहींवर टक्केवारी किंवा वजन वा क्षेत्रफळानुसार ठराविक रक्कम, यांपैकी जे अधिक असेल ते आकारले जाते. म्हणूनच स्वस्त कापडाला चुकीचा क्रमांक महागात पडू शकतो.

2011 पासून शुल्काची स्वयंनिर्धारणा करण्याची जबाबदारी आयातदारावर आहे. माल बंदरावर सोडवला किंवा रायपूरच्या कंटेनर डेपोत आणून सोडवला, तरी नियम एकच. कमी भरलेल्या शुल्काची मागणी सर्वसाधारणपणे दोन वर्षांपर्यंत करता येते. हेतुपुरस्सर चुकीची माहिती दिली असल्यास ही मुदत पाच वर्षांची असते. तोपर्यंत कापड विकले गेलेले असते आणि वाढीव रक्कम ग्राहकाकडून वसूल करता येत नाही. ती व्यापाऱ्याच्या भांडवलातूनच जाते.

हा धोका टाळण्यासाठी माल मागवण्यापूर्वी नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे आणि तंतूंचे प्रमाण, पन्हा व प्रति चौरस मीटर वजन बीजकात नमूद करून घेणे हिताचे ठरते. शंका असल्यास मुंबई किंवा नवी दिल्ली येथील सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे आधीच अर्ज करता येतो. हा निर्णय अर्जदार आणि सीमाशुल्क अधिकारी या दोघांवरही बंधनकारक असतो.