जाकीट काढून ठेवणारा खुनी

फोलीचं, म्हणजे पडद्यावरच्या हालचालींना मागाहून आवाज देण्याचं, काम शिकायला आमच्या स्टुडिओत जी पोरं येतात, त्यांना मी सुरुवातीलाच एक काम लावतो. ‘हेन्री: पोर्ट्रेट ऑफ अ सीरियल किलर’ या सिनेमाची पहिली काही मिनिटं लावायची, मॉनिटर बंद करायचा आणि जे कानावर पडेल ते कागदावर उतरवायचं. मग उलटं करायचं, आवाज बंद आणि चित्र चालू. दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले की पोरं एकमेकांकडे बघायला लागतात. पहिल्या कागदावर किंकाळ्या असतात, झटापट असते, गोळ्या असतात. दुसऱ्या कागदावर यातलं काहीच नसतं. तिथे गवत असतं, दुकानाचा गल्ला असतो, सिगरेट विझवणारा हात असतो आणि मेलेली माणसं असतात.

“दादा, मारताना दाखवलंच नाही की!” असं कोणीतरी म्हणतंच. मी म्हणतो, आता परत बघ.

पहिला शॉट एका बाईच्या चेहऱ्याचा आहे. डोळे उघडे. क्षणभर वाटतं, पडून आभाळ बघते आहे. कॅमेरा अगदी सावकाश मागे येतो आणि गवतात पडलेलं उघडं शरीर दिसायला लागतं. हलतो तो फक्त कॅमेरा. आणि या स्थिर शरीरावर तिच्या मरणाच्या वेळचा आवाज घातलेला आहे, विहिरीत घुमल्यासारखा. म्हणजे चित्र आत्ताचं आहे आणि आवाज थोड्या वेळापूर्वीचा. आमच्या धंद्यात आवाज चित्राला चिकटलेला असावा लागतो. पाऊल पडलं की टक, दार लागलं की धाड. एखादी फ्रेम इकडे-तिकडे झाली तरी मिक्सिंगला बसलेला माणूस मान वर करतो. इथे आवाज चित्रापासून जाणूनबुजून सोडवून घेतला आहे. मधल्या काळात जे घडलं, ते भरून काढण्याचं काम बघणाऱ्याच्या डोक्याला लावलं आहे, आणि डोकं ते काम कुठल्याही मेकअपवाल्यापेक्षा इमानेइतबारे करतं.

मधूनमधून हेन्री दिसतो. खाणं संपवून सिगरेट विझवतो, पैसे देतो, वाढणाऱ्या मुलीच्या हसण्याचं कौतुक करतो, गाडी चालवतो. पुढे तो गिटार घेतलेल्या एका मुलीला लिफ्ट देतो. थोड्या वेळाने तो घरी येतो तेव्हा गिटार त्याच्या हातात असते. त्या मुलीबद्दल सिनेमा पुन्हा एक शब्दही बोलत नाही.

ही युक्ती आहे की नाइलाज, असं पोरं विचारतात. दोन्ही. हा सिनेमा 1985 साली शिकागोत 28 दिवसांत, 16 एमएमवर चित्रित झाला. पैसे होते एक लाख दहा हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने तेरा-चौदा लाख रुपये. ते दिले वलीद आणि मलिक अली या भावांच्या व्हिडिओ कंपनीने. दिग्दर्शक जॉन मॅकनॉटन त्यांच्याकडे आधी व्हिडिओचं सामान पोचवायचं काम करायचा. त्यांच्यासाठी एक माहितीपट करून झाला होता, कुस्तीवरचा दुसरा करायचा बेत फिसकटला होता. तेव्हा वलीद अलीने त्याला सांगितलं की हे पैसे घे आणि एखादा भयपट कर. व्हिडिओच्या दुकानांत तेव्हा भयपटांना उठाव होता. भूत, राक्षस, परग्रहावरचा प्राणी यांतलं काहीही त्या पैशांत परवडणारं नव्हतं. माणूस परवडणारा होता. त्याच सुमारास मॅकनॉटनने एका मित्राकडे टीव्हीवर हेन्री ली लुकास या कैद्यावरचा कार्यक्रम बघितला आणि विषय ठरला.

नट आले शिकागोच्या ‘ऑर्गॅनिक थिएटर’ या नाटक कंपनीच्या गोतावळ्यातून. पटकथेत मॅकनॉटनच्या जोडीला असलेला रिचर्ड फायर तिथलाच, हेन्रीचा साथीदार ओटिस झालेला टॉम टोल्स तिथला, ओटिसची बहीण बेकी झालेली ट्रेसी आर्नल्डही तिथलीच. हेन्री झालेला मायकेल रूकर त्या वेळी झाडलोटीची नोकरी करत होता आणि कामावरच्या कपड्यांतच ऑडिशनला आला. तेच कपडे सिनेमात राहिले. जाकीट एकच होतं. त्याला रक्त लागलं तर उद्याचं शूटिंग कशात करणार? म्हणून खुनाच्या प्रसंगाआधी रूकर जाकीट काढून ठेवायचा.

जुळवाजुळव सगळीकडेच आहे. मेरी डेमास या नटीने सिनेमात एकाहून अधिक बायका साकारल्या आहेत आणि प्रत्येकीचं मरण वेगळं आहे. दारूच्या दुकानात मरून पडलेलं म्हातारं जोडपं दिग्दर्शकाच्या मित्राचे आई-वडील आहेत. पण माझं मन अडकतं ते त्या जाकिटात. खर्च वाचवायला काढलेलं जाकीट पडद्यावर हेन्रीचा स्वभाव होऊन बसतं. रागाच्या भरात मारणारा माणूस आधी कपडे सांभाळत नाही. सुतार कामाला लागताना बाह्या वर करतो, तसं हा जाकीट उतरवतो. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो इथे. आमच्याकडे कमी पैशांतल्या सिनेमाची तारीफ करताना ‘पैसे कमी होते हे कळतच नाही’ असं म्हणतात. ‘हेन्री’त पैसे कमी होते हे पदोपदी कळतं. फक्त ती कमतरता कुणाच्या पदरात घालायची हे त्यांना ठाऊक होतं: हेन्रीच्या.

आता आमच्या खोलीतली गोष्ट सांगतो. फोलीची खोली बाहेरच्या माणसाला अडगळीची वाटते. जमिनीत खाचे केलेले, एकात वाळू, एकात खडी, एकीकडे फरशी, एकीकडे लाकडी फळी. भिंतीला चपला-बुटांचा ढीग, तुटकी सुटकेस, कुलपं, साखळ्या, जुन्या चादरी. खुनाचा प्रसंग असला की सकाळी भाजी येते. कोबीचा गड्डा, गाजरं, सेलरी मिळाली तर उत्तम. हाड मोडायचं असेल तर गाजर ओल्या फडक्यात गुंडाळून माइकपासून वीतभर अंतरावर पिळायचं. फडकं कोरडं असेल तर आवाज भाजीचाच येतो. ओलं असेल तर त्याला मांस मिळतं. सुरा आत जाण्याला कोबी; पण खरा आवाज सुरा बाहेर येतानाचा, आणि त्याला कोबीची पानं बोटाने जरा सैल करून ठेवावी लागतात. गळा दाबण्याला मात्र भाजी चालत नाही. तिथे चामड्याचं जुनं पाकीट मुठीत आवळायचं आणि शेजारी दुसऱ्याने श्वास द्यायचा. श्वास देणाऱ्याला मी सांगतो, किंचाळू नकोस, बोलायचा प्रयत्न कर. शब्द अर्धवट राहिला की ऐकणारा तो पुरा करायला धावतो.

एका मराठी थरारपटाच्या मिक्सिंगला निर्मात्यांनी प्रत्येक घावावर एवढा दणका चढवायला लावला, की स्पीकर हादरावा. हादरलाही. थिएटरात त्या घावांवर शिट्ट्या पडल्या. आवाज मोठा झाला की घाव मारणाऱ्याच्या मालकीचा होतो, आणि प्रेक्षक त्याच्या बाजूने मोजायला लागतात.

‘हेन्री’ही एका ठिकाणी प्रेक्षकाला असंच हसू देतो, आणि ते तो हिशेबाने करतो. चोरीचा माल विकणारा एक लठ्ठ, तोंडाळ माणूस हेन्री आणि ओटिसचा पाणउतारा करत राहतो. शेवटी त्याच्या डोक्यात टीव्हीचा खोका जातो. थिएटरात हा प्रसंग बघणारे हसतात. मी स्वतः हसणं ऐकलं आहे. तिथून ते दोघं एक व्हिडिओ कॅमेरा उचलून आणतात. घरी हेन्री आणि बेकी कॅमेऱ्यापुढे नाचतात, गंमत चालते. आणि मग तो प्रसंग येतो, ज्याच्यावर पुढे सेन्सॉरचा हात पडला.

चित्र एकदम बदलतं. फिल्म जाऊन व्हिडिओचं दाणेदार, रंग उडालेलं चित्र येतं. कुणाच्या तरी घरातली बैठकीची खोली. ओटिसने एका बाईला मागून धरलं आहे, नवरा जमिनीवर बांधलेला आहे, कॅमेरा हेन्रीच्या हातात. आवाज कॅमेऱ्यातल्याच माइकचा वाटतो: पोकळ, खोलीभर पसरलेला, कुणाच्याच जवळ नसलेला. मी पोरांना इथे हेडफोन घालून ऐकायला लावतो. इतर सिनेमांत माइक मरणाऱ्याच्या घशाजवळ असतो. इथे तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि पुढे यायचं नाव घेत नाही. मुलगा घरात येतो. हेन्री कॅमेरा टाकून त्याच्यामागे धावतो. कॅमेरा जमिनीवर आडवा पडतो, चित्र आडवं होतं, पण टिपणं थांबत नाही. आता तो कुणीच धरलेला नाही. पुढे जे घडतं ते आपण आडव्या चौकटीत बघतो.

हे संपतं, आणि मग सिनेमा दाखवतो की हे सगळं टीव्हीवर चाललं होतं. समोर सोफ्यावर हेन्री आणि ओटिस बसले आहेत, झालेल्या कामाची टेप बघत. ओटिसला तो भाग परत बघायचा असतो. टेप मागे जाते, सावकाश फिरते.

तोपर्यंत आपणही तेच बघत होतो, त्याच खोलीत, त्याच सोफ्यावरून. टीव्हीच्या खोक्याला हसलेला माणूस इथे घशात काहीतरी अडकल्यासारखा बसतो.

ब्रिटनमधला किस्सा संकलनाच्या वर्गात सांगावा असा आहे. तिथल्या सेन्सॉर बोर्डाचे प्रमुख जेम्स फर्मन यांनी 1993 साली व्हिडिओसाठी या प्रसंगाला नुसती कात्री लावली नाही; सोफ्यावर बसलेल्या दोघांचा शॉट उचलून प्रसंगाच्या मध्येच आणून बसवला. म्हणजे प्रेक्षकाला लवकर कळावं की ही टेप आहे, आणि त्याने सुटकेचा श्वास टाकावा. सेन्सॉरने दिग्दर्शकाच्या टेबलावर बसून एक शॉट सरकवला. प्रसंगाचा प्राण नेमका कुठे आहे हे फर्मन यांना कुठल्याही समीक्षकाइतकं कळलं होतं. म्हणून तर त्यांनी तिथेच हात घातला. मूळ जोडणी ब्रिटनमध्ये 2003 साली परत आली. अमेरिकेत अडचण वेगळी. सिनेमा सप्टेंबर 1986 मध्ये शिकागोच्या महोत्सवात दाखवला गेला, पण त्याला एक्स प्रमाणपत्र मिळालं, आणि एक्स म्हणजे पॉर्न असा लोकांचा समज असल्यामुळे थिएटरं दारात उभं करत नसत. मॅकनॉटन सांगतो की अमुक काप, तमुक काप, असं त्याला कुणी सांगूच शकलं नाही. आक्षेप सगळ्या सुरालाच होता. माहितीपटकार एरल मॉरिस यांनी 1989 साली टेल्युराइड महोत्सवात सिनेमा उचलून धरला, आणि जानेवारी 1990 मध्ये तो प्रमाणपत्राविनाच थिएटरात लागला. त्याच वर्षी अमेरिकेत एक्स बाद होऊन त्याच्या जागी एनसी-17 हे प्रमाणपत्र आलं. एक्सवरून झालेल्या वादात ज्या सिनेमांची नावं पुढे होती, त्यांत हाही होता.

खऱ्या लुकासबद्दल थोडंच सांगतो, कारण सिनेमाने त्याचं जेवढं घ्यायचं तेवढंच घेतलं आहे. 1983 साली टेक्ससमध्ये पकडल्यावर तो शेकडो खुनांची कबुली देत सुटला. पोलीस एकेक फाइल बंद करत गेले; पुढे पत्रकारांनी तारखा आणि अंतरं जुळवून बघितली तेव्हा त्यातल्या बहुतेक कबुल्या बंडल निघाल्या. 1998 साली त्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली, 2001 साली तो तुरुंगात मेला. सिनेमात याचं सार एका छोट्या संवादात आहे. हेन्री बेकीला आपल्या आईला कसं मारलं ते सांगतो, पण मारण्याचं हत्यार बोलता बोलता बदलतं. ती त्याला टोकते. तो अजिबात न अडखळता दुरुस्ती करतो. रूकरचा आवाज तिथे वरही जात नाही, खालीही येत नाही. त्या सपाटपणाला मी सिनेमातलं सगळ्यात कठीण ध्वनिकाम मानतो, आणि त्यात आमचा हात शून्य.

आपल्याकडे याच्याशी नातं सांगता येईल असं फार थोडं आहे. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावरचा ‘माफीचा साक्षीदार’ आला तेही 1986 सालच, पण त्याचा पिंड वेगळा. जवळचं वाटतं ते श्रीराम राघवन यांनी 1991 साली रघुबीर यादवांना घेऊन केलेलं ‘रमन राघव’. मुंबईच्या फुटपाथवर झोपलेल्या माणसांना मारणाऱ्या, 1968 साली पकडल्या गेलेल्या खुन्यावरचं, व्हिडिओवर केलेलं, रीतसर प्रदर्शित न झालेलं काम. तेही जमेल तेव्हा पोरांना दाखवतो.

शेवटाबद्दल दरवेळी वाद होतो. हेन्री आणि बेकी रात्री मॉटेलवर उतरतात. सकाळी तो एकटा निघतो. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून सुटकेस टाकतो, सुटकेसला रक्त लागलेलं आहे, आणि गाडी पुढे जाते. मधली रात्र दाखवलेली नाही. गेल्या खेपेच्या एका पोराचं म्हणणं होतं, की रात्रीवरून सकाळवर जाणाऱ्या कटवर बेकीची दबलेली हाक घालायला हवी, नाहीतर प्रेक्षकाला कळणार कसं? मी म्हटलं, घाल. त्याने पाकिटाचा आवाज घेतला, श्वास एका मुलीकडून देववला, कटवर बसवला, चार जणांना ऐकवला. काम स्वच्छ होतं, सिंकही नेटकं. मुलगी म्हणाली, “अरे, पण आता मला तिच्याबद्दल काही वाटतच नाहीये.” त्याने श्वास अर्धा केला, मग पाव केला, मग तो ट्रॅकच म्यूट केला, आणि तरीही आपलं खरं आहे असं चहापर्यंत सगळ्यांना पटवत राहिला. मी काही बोललो नाही. दुपारी एका मालिकेच्या तीन भागांची पावलं आणि बांगड्या करून द्यायच्या होत्या.