तालुक्याला बाग हवी, पण जागा कुणाची? आरक्षणाचे ३० दिवस समजून घ्या

तालुक्याच्या गावी प्लॉटिंग वाढलं, दुकानं वाढली. पण लेकरांना खेळायला मैदान नाही अन् म्हाताऱ्यांना बसायला बाग नाही, अशी अनेक ठिकाणची तक्रार आहे. गेल्या काही वर्षांत बऱ्याच तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायती नगरपंचायती झाल्या. तिथे नवी बाग कुठे होणार, हे ठेकेदार येण्याच्या कितीतरी आधी ठरतं, विकास आराखड्याच्या नकाशावर.

आरक्षण म्हणजे काय?
महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार हा आराखडा तयार होतो. रस्ता, शाळा, बाजार, बाग यांसाठी त्यात जागा राखून ठेवतात. हद्दीत आलेली शेतजमीनही यात येऊ शकते. आरक्षण पडलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव लगेच जात नाही, पीकही घेता येतं. पण तिथे घर किंवा गाळे बांधायची परवानगी मिळणं अवघड होतं.

हरकत कधी द्यायची?
प्रारूप आराखड्याची सूचना राजपत्रात निघाल्यावर ३० दिवसांत लेखी हरकत द्यावी लागते (कलम २६). जमीनमालकच पाहिजे असं नाही. ‘आमच्या वस्तीजवळ मैदान ठेवा’ अशी सूचना इतर रहिवासीही देऊ शकतात. अर्जात गट नंबर लिहावा, पोच घ्यावी. पुढे नियोजन समिती सुनावणी घेते.

मोबदला कसा मिळतो?
कलम १२६ मध्ये तीन वाटा आहेत: मालकाशी ठरवून रक्कम; टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क; नाहीतर भूसंपादन.

दहा वर्षं काहीच झालं नाही तर?
अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. नुसता ठराव किंवा पत्र पुरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगितलं आहे.

म्हणजे पैशाची तरतूद वेळेत झाली नाही, तर मालकाची जमीन वर्षानुवर्षं अडकते अन् शेवटी गावाची बागही जाते. म्हणून प्रारूप आराखडा लागला की नगरपंचायतीत जाऊन आपला गट नंबर अन् बागेची जागा, दोन्ही नकाशावर पाहून घ्यावं.