लढाऊ विमानाचं अवघड कोडं: इंजिन
हवाई दलाच्या भविष्याचा विषय निघाला की सगळे ड्रोन आणि एआयवर येतात. माझ्या मते संशोधनात पहिला मान जेट इंजिनाचा! टर्बाइनच्या पात्यांवर आदळणारा वायू त्या पात्यांचा मिश्रधातू वितळेल त्याहूनही तापलेला असतो. म्हणून पातं एकसंध स्फटिकाचं ओततात, आतून पोकळ ठेवतात आणि बारीक छिद्रांतून त्यामानाने थंड हवा खेळवतात. हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने हेलिकॉप्टर इंजिनासाठी अशी एकस्फटिकी पाती घडवून २०२१ मध्ये एचएएल या सरकारी विमान कंपनीला दिली. फार मोठी गोष्ट आहे ही! आपल्या तेजस लढाऊ विमानासाठीचा देशी 'कावेरी' इंजिन प्रकल्प १९८९चा, पण तेजस अजून अमेरिकी इंजिनावरच उडतं. कावेरीच्या उंचीवरच्या चाचण्या रशियात कराव्या लागल्या. तशी चाचणीची सोय देशात उभारायला आधी पैसा द्या.