बुरशीनाशकाला बुरशीचे उत्तर

बुरशीनाशक फवारल्यावर बुरशी मरते किंवा तग धरते, एवढेच शेतात दिसते. त्याआधी तिच्या पेशीत कोणती जनुके किती सक्रिय होतात, यावर पुढील प्रतिकार बराचसा अवलंबून असतो.

चेन्नईजवळच्या चेंगलपट्टूची भातशेती असो वा नाशिक-सांगलीची द्राक्षबाग, हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही ट्रायझोल गटातील बुरशीनाशके सर्वपरिचित आहेत. बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे अर्गोस्टेरॉल तयार करणारे विकर ती रोखतात. अर्गोस्टेरॉल कमी पडताच नियंत्रक प्रथिने त्या विकराच्या जनुकाची सक्रियता वाढवतात. औषध पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपांची जनुकेही कार्यरत होतात. औषधाचा प्रभाव संपल्यावर ही सक्रियता सहसा ओसरते.

जनुकातच बदल झाला, तर मात्र ती ओसरत नाही. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर वाढणारी बुरशी पिकाला रोग करत नाही. परंतु प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या माणसाच्या फुफ्फुसांत ती जीवघेणी ठरते. तिच्या काही प्रकारांत या विकराच्या जनुकाच्या नियंत्रक भागातील ३४ घटकांचा तुकडा दोनदा आढळतो. त्यामुळे जनुक औषधाविनाही अधिक सक्रिय राहते. शिवाय विकराची रचनाही बदललेली असते.

दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २०१२ मध्ये असे प्रकार भारतीय मातीत आढळल्याचे प्रसिद्ध केले. प्रतिरोधक बुरशी आढळण्याचे प्रमाण चहामळ्यांच्या मातीत ३३ टक्के, तर भातखाचरांत १२.३ टक्के होते. रुग्णांना दिली जाणारी व्होरिकोनॅझोल व इट्राकोनॅझोल ही औषधेही ट्रायझोलच असल्याने शेतात टिकलेली प्रतिरोधक बुरशी रुग्णालयातील उपचार निष्फळ करू शकते.

कीटकशास्त्रात हा अनुभव जुना आहे. कीटकनाशकाचे विघटन करणारी जनुके अधिक सक्रिय असलेल्या किडी एकाच रसायनाच्या वारंवार फवारणीत टिकतात आणि त्यांचीच संख्या वाढते.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना डब्यावरील व्यापारी नावाऐवजी सक्रिय घटक वाचण्यास शिकवावे. नाव बदलले तरी गट तोच असू शकतो. लागोपाठच्या फवारण्यांत ट्रायझोल टाळून वेगळ्या गटातील शिफारस केलेले बुरशीनाशक निवडावे. मात्रा शिफारशीप्रमाणेच ठेवावी, गरजेविना फवारणी करू नये आणि उरलेले द्रावण कंपोस्टच्या खड्ड्यात ओतू नये.