नावाला अवतरणचिन्हं कशाला?

डेटाबेसमध्ये टेबलचं नाव ‘ऑर्डर’ ठेवायला गेलात तर लगेच एरर येते, कारण हा शब्द एसक्यूएलने क्रम लावण्यासाठी राखून ठेवला आहे. तोच दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिला की चालतो. एकेरी चिन्हं मजकुरासाठी असतात. मायएसक्यूएलमध्ये मात्र नावांभोवती सहसा बॅकटिक लावतात.

अवतरणाविना लिहिलेलं इंग्रजी नाव पोस्टग्रेएसक्यूएल स्मॉल अक्षरांत बदलतं, ओरॅकल कॅपिटलमध्ये. म्हणून पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये एकदा अवतरणांत कॅपिटल अक्षरं वापरली, की पुढे प्रत्येक क्वेरीत अवतरणं आलीच. शिवाय तिथे नावाला ६३ बाइटांची मर्यादा आहे. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, ३ बाइट घेतं. म्हणजे २१ चिन्हांत जागा संपली!

तेव्हा नावं छोटी, स्मॉल अक्षरांतली ठेवा आणि राखीव शब्द टाळा. अवतरणांची गरजच पडणार नाही.